फळी, तराजू आणि आपली मुले



विज्ञान अवघड वाटले की मुले, विशेषतः मुली, तो विषय सोडू पाहतात आणि आपणही "जाऊ दे" म्हणतो. म्हणून आज पदार्थविज्ञानाचा एकच नियम सांगतो.

५० किलोचे पोते १ मीटर उंच ट्रकमध्ये चढवावयाचे आहे. सरळ उचलले तर सुमारे ४९० न्यूटन बल लागते. ४ मीटर लांबीची फळी टेकवून सरकविले तर, घर्षण सोडल्यास, चौथा हिस्सा बल पुरते; मात्र अंतर चौपट होते. कार्य दोन्ही वेळा तेवढेच, ४९० ज्यूल. कप्पी व तरफ यांचा हिशेबही हाच. यंत्र बल वाचविते. ऊर्जा फुकट देत नाही.

तराजू हीसुद्धा तरफच. मर्व येथील शास्त्रज्ञ अल-खाझिनी यांनी ११२१च्या सुमारास तराजूवर 'किताब मीझान अल-हिकमा' हा मोठा ग्रंथ लिहिला. गुरुत्वमध्य आणि पदार्थांची घनता यांचा विचार त्यात आहे. हा विद्वान मुळात गुलाम होता. मालकाने त्याला गणित व तत्त्वज्ञान शिकविले. मालकाने गुलामासाठी जे केले, ते बापाने मुलीसाठी करू नये काय?

पालकहो, विषय जड वाटला तर फळी लांब घ्या. रोज थोडे शिकू द्या, एक वर्ष जास्त लागले तरी लागू द्या. कष्ट तेवढेच पडतील, पण पेलतील. अर्ध्या वाटेत पोते मात्र सोडू नका.

खुदा हाफिज.