जादू आणि वार्धक्य
जादूगार प्रेक्षकाला चकवितो. पण ज्याला स्वतःची स्मृतीच रोज चकविते, अशा वृद्धापुढे त्याने कोणता खेळ करावा? ‘पत्ता लक्षात ठेवा’ म्हणताच खेळाची परीक्षा होते. तेथे रंगीत रुमाल, दोरीची गाठ, मोठे नाणे असे पाहताक्षणी उमगणारे प्रयोगच शोभतात. बंगळूरनजीक बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरीस असलेल्या मुलाकडे राहावयास आलेल्या मराठी आजोबांना कन्नड येत नसले, तरी हे खेळ कळतात. अमेरिकेत डेव्हिड कॉपरफील्ड यांनी १९८२ साली ‘प्रोजेक्ट मॅजिक’ आरंभिला. त्यात रुग्णच जादू शिकतात आणि दुबळ्या बोटांना व्यायाम घडतो. म्हणून अदृश्य झालेले नाणे शेवटी आजोबांच्याच मुठीत सापडावे, आणि टाळ्याही त्यांनाच मिळाव्यात.