परवलीचा शब्द : साचा आणि यदृच्छा



गडाच्या दरवाज्यावरील पहारेकरी अंधारात माणसाचे तोंड पाहत नसे. तो शब्द विचारी. शब्द जुळला की माणूस आपला, न जुळला की परका. आजच्या प्राथमिक शाळेत हा दरवाजा संगणकाच्या पडद्यावर आला आहे. यूडायस प्लसवर विद्यार्थ्यांची नोंद करावयास बसलेल्या मुख्याध्यापकास प्रथम परवलीचा शब्द द्यावा लागतो. त्या दरवाज्याआड मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक अशी माहिती असते. ती मुलाने दिलेली नसते. आईबापांनी शाळेवर भरवसा ठेवून दिलेली असते. यास्तव तो शब्द कसा निवडावा, हा प्रश्न केवळ संगणकतज्ज्ञांचा नव्हे.

माणसाने स्वतः शब्द निवडला म्हणजे काय होते, हे फार पूर्वीच तपासले गेले आहे. रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्सन या दोन संशोधकांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ परवलीच्या शब्दांची छाननी दिली आहे. त्यांपैकी सुमारे ८६ टक्के शब्द एक तर अतिशय आखूड होते, नाही तर शब्दकोशात व नावांच्या यादीत सहज सापडणारे होते. मनुष्यस्वभाव तेव्हापासून फारसा बदललेला नाही. गावाचे नाव, त्यापुढे एखादे चिन्ह आणि अखेरीस १२३, हा आजचा अगदी परिचित साचा होय. एखाद्या केंद्रातील सर्व शाळांना सोयीसाठी असेच शब्द वाटून दिले, तर एका शाळेचा शब्द ज्याने पाहिला त्यास उरलेल्या सर्व शाळांचे शब्द न पाहताच कळले. गावाचे नाव गुप्त नसते. शाळेचा ११ अंकी यूडायस क्रमांकही गुप्त नसतो.

मग साचाच टाकून द्यावा काय? तसे नव्हे. ‘मनाचे श्लोक’ भुजंगप्रयात वृत्तात आहेत, हे प्रत्येक शिक्षकास ठाऊक आहे. चार य-गण, बारा अक्षरे. लघुगुरूंच्या जागा ठरलेल्या. परंतु वृत्त ठाऊक असलेल्या माणसास त्यावरून पुढचा श्लोक सांगता येईल काय? वृत्त हा साचा आहे. त्यात कोणती अक्षरे पडतील हे वृत्त सांगत नाही. परवलीच्या शब्दाचेही असेच आहे. साचा शत्रूस कळला तरी चालेल, रिकाम्या जागा कशाने भरल्या हे मात्र त्यास कळता कामा नये. ऑगस्ट केर्कहॉफ्स याने १८८३ मध्ये सैनिकी गुप्तलेखनाविषयी हाच विचार मांडला होता : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्तता केवळ किल्लीत असावी.

संगणकावर चित्रे व बटणे न वापरता कळफलकावरून आज्ञा लिहिण्याची एक खिडकी असते. तिला टर्मिनल म्हणतात. तेथे चालणारी काही लहान साधने साच्यावरून यदृच्छेने, म्हणजे कोणाच्याही आवडीनिवडीवाचून, शब्द घडवितात. समजा, साचा असा दिला : व्यंजन, स्वर, व्यंजन, पुन्हा व्यंजन, स्वर, व्यंजन, शेवटी दोन अंक. साधन त्यातून ‘लिबकोट४७’ अशासारखा, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला पण जिभेवर बसणारा शब्द काढून देईल. इंग्रजीत २१ व्यंजने व ५ स्वर धरले, तर तीन अक्षरांचा एक तुकडा २१ × ५ × २१, म्हणजे २,२०५ प्रकारांनी भरता येतो. दोन तुकडे ४८,६२,०२५ प्रकारांनी, आणि दोन अंक जोडल्यावर एकूण ४८,६२,०२,५०० शब्द.

अठ्ठेचाळीस कोटी ही संख्या ऐकावयास मोठी वाटते. परंतु चोरलेल्या नोंदींवर घरी बसून प्रयोग करणारा माणूस सेकंदास एक कोटी शब्द तपासू लागला, तर एका मिनिटाच्या आत तो सगळे शब्द संपवील. आणि हा वेग आज मुळीच असाध्य नाही. साचा न ठेवता, २६ अक्षरे व १० अंक यांतून कोणतीही आठ चिन्हे घेतली असती, तर सुमारे २ लाख ८२ हजार कोटी शब्द झाले असते. साच्याने शब्द सोपा झाला, पण शक्यता जवळजवळ पाच हजार आठशे पटींनी घटल्या. ही किंमत लांबी वाढवून भरून काढता येते. तसेच चार तुकडे व चार अंक घेतले, तर त्याच वेगाने सर्व शब्द तपासावयास सुमारे साडेसातशे वर्षे लागतील. सोळा चिन्हांचा तो शब्द पाठ करणे कठीण खरे; पण मुलांकडून एकोणतीसचा पाढा पाठ करून घेणाऱ्यांना ते अशक्य वाटू नये.

शब्द फोडणारेही साचेच वापरतात, हे येथे सांगितले पाहिजे. हॅशकॅट नावाच्या साधनास ‘प्रथम मोठे अक्षर, मग पाच लहान अक्षरे, शेवटी तीन अंक’ असा साचा देता येतो, आणि ते तेवढेच शब्द क्रमाने तपासते. अर्थात् साच्यातील जागा किती, यापेक्षा प्रत्येक जागी खरोखर किती पर्याय होते, हे महत्त्वाचे.

‘खरोखर’ या शब्दावर थोडे थांबणे आवश्यक आहे. मॉरिस व थॉम्सन यांच्या त्याच निबंधात एक हकीकत आहे. एका ठिकाणी लोकांनी वाईट शब्द निवडू नयेत म्हणून संगणकच आठ चिन्हांचे शब्द काढून देई. चिन्हे तीच : २६ लहान अक्षरे व १० अंक. सर्व शब्द तपासावयाचे म्हटले तर तेव्हाच्या यंत्रास ११२ वर्षे लागली असती. परंतु शब्द काढणारे यंत्र आपला आरंभ केवळ ३२,७६८ संख्यांपैकी एका संख्येपासून करी. आरंभ ठरला की पुढील सर्व अक्षरे ठरलेली! म्हणून कागदावर लाखो कोटी दिसणारे शब्द वस्तुतः ३२,७६८ च होते. हल्लेखोराने ते सर्व सुमारे एका मिनिटाच्या यंत्रवेळात तपासले आणि यंत्राने दिलेला प्रत्येक शब्द हुडकून काढला. शब्दाकडे नुसते पाहून तो यदृच्छ आहे की नाही हे सांगता येत नाही. तो कोठून आला हे पाहावे लागते.

सहज उच्चारता येणाऱ्या शब्दांच्या बाबतीतही असाच एक दोष आढळला. मॉरी गॅसर याने १९७५ मध्ये उच्चारसुलभ शब्द घडविणारी पद्धत सिद्ध केली, व तिच्या आधारे अमेरिकेच्या प्रमाण संस्थेने १९९३ मध्ये एक मानक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी गणेशन व डेव्हिस यांनी दाखविले की, त्या पद्धतीतून सर्व शब्द सारख्या प्रमाणात निघत नाहीत. काही पुनःपुन्हा निघतात, आणि हल्लेखोर त्यांच्यापासूनच आरंभ करील. २०१५ मध्ये ते मानक मागे घेण्यात आले.

यदृच्छा आणावयाची कोठून? लिनक्स प्रणालीत १९९४ पासून अशी एक सोय आहे. कळ दाबण्यातील वेळेचे सूक्ष्म अंतर, चकतीवरील कामाच्या वेळा, अशा आधी सांगता न येणाऱ्या गोष्टी ती गोळा करते व त्यांपासून संख्या देते. या संख्या ० ते २५५ यांमधील असतात. आता त्यांतून एक अंक काढावयाचा, तर दहाने भागून बाकी घ्यावी असे कोणासही सुचेल. येथेच चूक होते. ० ते २५५ या २५६ संख्या होत. दहाने भागल्यास पूर्ण गट २५ व उरल्या ६. म्हणून ० ते ५ हे अंक प्रत्येकी २६ वेळा येतात आणि ६ ते ९ हे २५ वेळा. फरक अल्प आहे, पण आहे. चांगले साधन २५० व त्यापुढील संख्या सरळ टाकून देते आणि नवी संख्या मागते. बाकीचा भागाकार शिकविताना सातवीच्या वर्गास घालण्याजोगे हे उदाहरण आहे.

ज्यांना टर्मिनलचा उपयोग करून पाहावयाचा आहे, त्यांच्यासाठी थिओडोर त्सो यांचे ‘पीडब्ल्यूजेन’ हे साधन सोपे आहे. लिनक्समधील ती सोय निर्माण करणारे गृहस्थही हेच. साधनाचे नाव, नंतर लांबी, नंतर किती शब्द हवेत ती संख्या, एवढे लिहिले की पडदा शब्दांनी भरतो. काहीच न सांगितल्यास ते आठ चिन्हांचे उच्चारसुलभ शब्द देते. परंतु असे शब्द घरबसल्या फोडता येतील अशा ठिकाणी वापरू नयेत, असा इशारा साधनाच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. पूर्ण यदृच्छ शब्दांसाठी वेगळी खूण द्यावी लागते. पडदाभर शब्द देण्यात एक युक्ती आहे. पाठीमागे उभ्या असलेल्या माणसास त्यांतील कोणता घेतला हे कळत नाही. मात्र ‘हा गोड वाटतो’ म्हणून एखादा शब्द उचलणे म्हणजे यंत्राने बाहेर ठेवलेली आवडनिवड पुन्हा आत घेणे होय. तिसऱ्या ओळीतील दुसरा, असे आधीच ठरवावे व तोच घ्यावा. तसेच तयार शब्द आज्ञेच्या ओळीत कधी लिहू नये; लिहिलेल्या आज्ञांची यादी संगणक बहुधा जपून ठेवतो.

ज्या शाळेत असे साधन नाही तेथेही काम अडत नाही. एक लाल व एक पांढरा असे दोन फासे घेतले तर ३६ जोड्या होतात, आणि २६ अक्षरे व १० अंक मिळून नेमके ३६. सहा ओळी व सहा स्तंभांचा तक्ता आखून त्यात ही चिन्हे लिहिली की प्रत्येक फेकीस एक चिन्ह मिळते. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये याच मार्गाने पाच फेकींस एक, असे ७,७७६ शब्दांचे कोष्टक केले. मराठी शाळेत तीन फेकींस एक, असे २१६ शब्दांचे कोष्टक मुलांकडूनच करून घेता येईल : चिंच, विहीर, पाटी, नांगर, असे परस्परांहून वेगळे ऐकू येणारे शब्द. त्यांतील सहा शब्द फाशांनी निवडले तर एक कोटीच्या एक कोटी पटीहून अधिक ओळी संभवतात. आणि ‘विहीर नांगर चिंच’ अशी ओळ अंकांच्या गर्दीपेक्षा लवकर ध्यानात राहते. ती इंग्रजी अक्षरांत लिहून वापरता येते.

इतका खटाटोप करून मिळविलेला शब्द हजेरीपटाच्या आतल्या पानावर किंवा संगणकास चिकटविलेल्या चिठ्ठीवर लिहिला गेला, तर तो गेलाच. लिहूच नये असे नव्हे. बंद लिफाफ्यात, कपाटात, रोख रकमेच्या जोडीने ठेवावा. मुख्याध्यापकाची बदली झाली की कार्यभार देता-घेताना किल्ल्या व दप्तर यांबरोबर तो लिफाफाही नव्या मुख्याध्यापकाच्या स्वाधीन होतो. नव्या मुख्याध्यापकाने त्याच दिवशी फासे पुन्हा टाकून शब्द बदलावा आणि जुना कागद फाडावा.