प्रेमपट आणि परतीचें घर

प्रेमपटांची आवड एका ठराविक वयानंतर मनुष्यानें बोलून दाखवूं नये, असा एक संकेत आपल्याकडे आहे. संगीत नाटकाचें वेड साठीनंतरही शोभून दिसतें. संतपटाला तर सहकुटुंब जातां येतें. प्रेमपटाचें नांव काढलें कीं मात्र ऐकणारा गालांतल्या गालांत हंसतो. मला हा संकेत मान्य नाहीं. आक्षेप घेणारे म्हणतात, "सगळे प्रेमपट सारखेच. दोघें भेटतात, गातात, कोणीतरी आडवें येतें, आणि शेवटीं लग्न तरी लागतें किंवा एकजण तरी मरतो." आक्षेप बराचसा खरा आहे. पण जे प्रेमपट मीं पुन्हां पुन्हां पाहिले, त्यांत या जोडप्यांच्या वांट्याला लग्नही येत नाहीं आणि मरणही येत नाहीं. दोघें दूर होतात, आणि मग प्रत्येकाला कोठेंतरी परत जावें लागतें. अलीकडे माझें लक्ष प्रेमापेक्षां त्या परत जाण्याकडेच अधिक लागूं लागलें आहे.

डेव्हिड लीन या इंग्रज दिग्दर्शकाचा 'ब्रीफ एन्काउंटर' हा १९४५ सालचा बोलपट घ्या. नोएल कॉवर्ड यांच्या एका एकांकिकेवर तो आधारलेला आहे. लॉरा ही मध्यमवर्गीय गृहिणी दर गुरुवारीं बाजारहाटासाठीं जवळच्या गांवीं जाते. एकदां स्टेशनवर धडधडत जाणाऱ्या गाडीचा कोळशाचा कण तिच्या डोळ्यांत जातो, आणि एक अनोळखी डॉक्टर तो रुमालाच्या टोकानें काढून देतो. एवढ्यावरून सगळें सुरू होतें. दोघेंही विवाहित, दोघांनाही मुलेंबाळें. चार-सहा गुरुवार, थोडी नौकाविहाराची गंमत, थोडा चहा, पुष्कळसा संकोच. शेवटीं डॉक्टर आफ्रिकेला जाण्याचें ठरवतो. कथा म्हणाल तर संपली.

पण ती सांगितली कशी आहे, तें पाहा. शेवटच्या निरोपाचा प्रसंग आपल्याला दोनदां दाखवला आहे. चित्रपटाच्या आरंभींच स्टेशनवरच्या उपाहारगृहांत एका टेबलाशीं दोघें बसलेलीं दिसतात. तेवढ्यांत लॉराच्या ओळखीची एक बडबडी बाई येऊन मधेंच ठाण मांडते. गाडीची वेळ होते, तो गृहस्थ उठतो, लॉराच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवतो आणि निघून जातो. आपल्याला कांहींच वाटत नाहीं. आपण त्या बडबड्या बाईइतकेच परके असतों. चित्रपटाच्या शेवटाकडे तोच प्रसंग पुन्हां येतो. तेंच टेबल, तीच बडबड, खांद्यावर तोच हात. आतां मात्र त्या बाईचें तोंड कोणी बंद करील तर बरें, असें आपल्याला होऊन जातें. जन्माच्या निरोपाला मिळालेलीं शेवटचीं चार मिनिटें तिनें खरेदीच्या गप्पांत घालवलेलीं असतात, आणि तिला त्याचा पत्ताही नसतो. पडद्यावर याहून क्रूर गोष्ट मीं क्वचितच पाहिली असेल, आणि तींत कोणी कोणाला बोटही लावलेलें नाहीं.

हें स्टेशन खरेंखुरें आहे. लँकेशायरमधील कार्नफर्थ येथें, १९४५ च्या फेब्रुवारींत, महायुद्ध अद्याप चालू असतांना रात्रींच्या वेळीं तें चित्रण झालें. पडद्यावरचा वाफेचा लोट आणि थंडी बहुधा म्हणूनच इतकी अंगाला झोंबते. सीलिया जॉन्सन या नटीच्या मोठ्या डोळ्यांविषयीं आणि रॅखमॅनिनॉव्हच्या पियानोविषयीं पुष्कळांनीं पुष्कळ लिहिलें आहे. तें मी येथें सोडून देतों.

लॉरा घरीं परत येते. नवरा शब्दकोडें सोडवीत बसलेला असतो. सगळी कहाणी ती मनांतल्या मनांत त्यालाच सांगत असते, आणि तो कोडें बाजूला ठेवून तिच्याजवळ येतो तेव्हां त्याला कितपत उमगलें आहे, हें दिग्दर्शक आपल्याला सांगत नाहीं. पण परत येण्यासाठीं तिला एक घर आहे, शेगडी आहे, आणि 'परत आलीस, बरें झालें' अशा अर्थाचे दोन शब्द बोलणारा माणूस आहे.

आतां याच्यासमोर आपल्या प्रभातचा 'माणूस' ठेवा. तो १९३९ सालचा, म्हणजे इंग्रजी चित्रपटाच्या सहा वर्षें आधींचा. दिग्दर्शक व्ही. शांताराम, संवाद अनंत काणेकरांचे. देवांच्या भूमिकांमुळें लोकांना ठाऊक असलेले शाहू मोडक येथें पोलीस शिपाई गणपत झाले आहेत, आणि शांता हुबळीकर ही मैना आहे. वेश्यावस्तीवर धाड पडते, त्या वेळीं गणपत तिला वांचवतो, आणि तेथून दोघांचा जीव एकमेकांत अडकतो. मैनेच्या तोंडीं एक गाणें आहे, तें एकामागून एक वेगवेगळ्या प्रांतांच्या भाषांत जातें. लोकांनीं त्याचें कौतुक केलें तें चालीसाठीं आणि गंमतीसाठीं. मला त्यांत धंद्याचा हिशेब ऐकूं येतो: गिऱ्हाईक कोणत्या प्रांताचें येईल याचा नेम नाहीं, तेव्हां सगळ्यांची भाषा यावयास हवी.

एक साम्य मला फार गंमतीचें वाटतें. दोन्ही चित्रपटांत प्रेमपटांचीच थट्टा केलेली आहे. लॉरा आणि डॉक्टर एक भडक प्रणयपट पाहावयास जातात आणि कंटाळून उठून येतात. 'माणूस'मध्यें त्या काळच्या प्रणयगीतांची खुमासदार नक्कल आहे. आपला मार्ग निराळा आहे, हें दोघांही दिग्दर्शकांना बजावून सांगावेंसें वाटलें असावें.

गणपत मैनेला आपल्या आईकडे नेतो. आई देवभोळी, मायाळू. कोणी तिला हांकलून देत नाहीं. तरीही त्या घराच्या उंबरठ्यावर मैनेला स्वतःचा पूर्वेतिहास असा कांहीं आठवतो कीं, ती पळून जाते. पुढें छळणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, आणि तुरुंगांतून सोडवण्याची गणपतची तयारीही ती नाकारते. येथें मला चित्रपटाशीं भांडावेंसें वाटतें. त्यागाचा हा निर्णय तिचा स्वतःचा म्हणून दाखवला आहे. पण लॉराच्या निर्णयामागें घर होतें, मैनेच्या मागें कोठा आणि पुढें कोठडी होती. त्याला निवड म्हणावयाचें काय? शांताबाईंनीं मात्र ही भूमिका रडकी होऊं दिली नाहीं. त्यांच्या हंसण्यांतली बेफिकिरी हीच त्या चित्रपटाची खरी तक्रार आहे, असें मला वाटतें. 'देवदास'ला उत्तर म्हणून हा बोलपट निघाला असें सांगतात. उत्तर गणपतनें दिलें, किंमत मैनेनें.

आणखी एकाच चित्रपटाचा उल्लेख करतों. चॅप्लिनचा 'सिटी लाइट्स' १९३१ मध्यें आला तेव्हां बोलपट सर्वत्र रुळले होते, तरी त्यानें संवाद घातले नाहींत. आंधळी फुलवाली मोटारीच्या दाराचा आवाज ऐकून एका भणंगाला श्रीमंत समजते. हा प्रसंग मनासारखा साधण्यासाठीं त्यानें तो शेकडों वेळां चित्रित केला. नभोवाणीसमोर बसलेल्या आपल्यासारख्यांना त्यांतली गोम लगेच कळेल: मूकपटांत सगळी कथा एका ऐकलेल्या आवाजावर उभी आहे! शेवटीं तिला दृष्टि येते आणि तिचें स्वतःचें दुकान होतें. तो तुरुंगांतून सुटून फाटक्या कपड्यांत रस्त्यावर उभा असतो. कांचेआडून ती त्याला हंसते, मग बाहेर येऊन फूल आणि नाणें देऊं करते, आणि त्याचा हात हातांत येतांच तिला तो ओळखूं येतो. त्याच्या चेहऱ्यावर हंसूं आणि भीति एकदमच दिसतात. दुकानाचें दार उघडेंच आहे. ती त्याला आंत बोलावील कीं नाहीं, हें कळण्यापूर्वींच पडदा काळा होतो.