कालवं खाडी गाळतील, पण घाण जाणार कुठे?

आजचा भाग कालवांवर. कालव म्हणजे ऑयस्टर. बाजारातल्या तिसऱ्या तुमच्या ओळखीच्या असतील. त्या वाळूत, चिखलात राहतात आणि थोड्याफार सरकतात. कालव मात्र एकदा खडकाला चिकटलं की जन्मभर तिथेच. म्हणून तर कोकणात बायका ओहोटीच्या वेळी खडकांवर बसून लोखंडी हत्याराने ती फोडून काढतात.

आता एक व्हिडिओ तुम्ही कदाचित पाहिला असेल. दोन टाक्यांत गढूळ पाणी, एकीत कालवं. काही तासांत कालवांची टाकी नितळ! मग मोठागाव-माणकोली पुलावरून जाताना खालची उल्हास खाडी बघून वाटतं, इथे सोडली तर?

उत्तर शोधायचं तर कालव पाणी गाळतं म्हणजे नक्की काय करतं, ते बघू. त्याच्या कल्ल्यांवर बारीक केसांसारखे तंतू असतात. ते हलतात, पाणी आत ओढतात आणि कण अडकवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं कालव अगदी अनुकूल परिस्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळतं असं सांगतात. म्हणजे वीस लिटरचे साडेनऊ जार. पण हा वरचा आकडा आहे. रोजचं काम बरंच कमी असतं.

अडकलेल्या कणांपैकी शेवाळ ते खातं. नको ते चिकट स्रावात गुंडाळून खाली टाकतं. म्हणजे घाण पाण्यातून निघून तळाला गेली, नाहीशी झाली नाही. पुढचं काम गाळातल्या जिवाणूंचं. काही जिवाणू मैल्यातल्या नायट्रोजनचं नायट्रेट करतात, त्यांना ऑक्सिजन लागतो. दुसरे त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून हवेत सोडतात. सांडपाणी अति झालं की ऑक्सिजन संपतो आणि ही साखळी पहिल्याच पायरीवर तुटते. मग गाळातून येतो तो सडक्या अंड्यांचा वास. अशा पाण्यात कालवंही गुदमरतात.

आणि कारखान्यांचं पाणी? कॅडमियम, तांबं, जस्त कालवाच्या मांसात साठत जातं. अमेरिकेत १९८६पासून ‘मसल वॉच’ नावाच्या कार्यक्रमात कालवं आणि शिणाणे तपासून किनाऱ्याचं प्रदूषण मोजतात, ते याच गुणामुळे. कालव आपल्याला खाडीचा रिपोर्ट देतं, खाडीवर औषध देत नाही.

खाणाऱ्यांनी हा भाग नीट ऐका. कोमट, मचूळ पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जिवाणू निसर्गतःच असतात. त्यातला एक १९५०मध्ये जपानमध्ये विषबाधेच्या साथीत सापडला. सांडपाण्यातून येतो तो नोरोव्हायरस. तो कालवाच्या पचनसंस्थेतल्या साखरेसारख्या रेणूंना धरून बसतो. काढलेली कालवं दोन दिवस स्वच्छ पाण्यात ठेवली तर बरेच जिवाणू निघून जातात, हा विषाणू सहज निघत नाही. वर लिंबू पिळून काहीही मरत नाही. नीट शिजवलं तर जंतू मरतात. धातू मात्र शिजवूनही जात नाहीत.

मग कालवं वसवायचीच नाहीत का? वसवायची, पण क्रम पाळून. कालवाची पिल्लं दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग कठीण जागा शोधतात. त्यांची आवडती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाचा शिंपला. त्यावरचा जिवाणूंचा पातळ थरसुद्धा त्यांना ‘इथे बसा’ असा इशारा देतो. शिंपल्यावर शिंपला चढत मोठी रांग तयार होते, तिच्यात मासे-खेकडे राहतात, लाटांचा जोर मोडतो. आपण शिंपले उचलून चुन्यासाठी भाजले, म्हणजे पुढच्या पिढीची घरंच जाळली. २०११च्या एका जागतिक अभ्यासानुसार अशा ८५ टक्के रांगा नष्ट झाल्या आहेत.

न्यूयॉर्कमध्ये २०१४पासून ‘बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट’ चालू आहे. हॉटेलांतले शिंपले गोळा करून ते बंदरात कालवं वसवतात. ध्येय २०३५पर्यंत शंभर कोटी. पण लक्षात घ्या, तिथे १९७२च्या कायद्यानंतर आधी सांडपाणी आवरलं गेलं, कालवं नंतर आली. आणि आजही ती खायची नाहीत.

आपल्याकडेही कालवांचं ज्ञान आहे. पालघरजवळच्या केळव्याच्या खाडीतल्या कालवांवर बाळ आणि दुर्वे या संशोधकांनी १९६०च्या सुमारास अभ्यास केला. देवगडजवळ वाडातरला बचत गटाच्या बायकांनी खाडीत कालवं वाढवली आहेत. दोरीला रिकामे शिंपले ओवून पाण्यात सोडायचे, त्यावर पिल्लं धरतात. पण हा सगळा धंदा स्वच्छ पाण्यावर उभा आहे. उद्या तिथल्या खाडीत मैला आला, तर त्या बायकांनी खपून वाढवलेला माल कोण घेईल?

म्हणून उल्हासला कालवं हवी असतील, तर पहिला प्रश्न महापालिकेला आणि एमआयडीसीला विचारा: रोज किती सांडपाणी निघतं आणि त्यातलं किती शुद्ध होऊन खाडीत जातं? आपण फ्लश करतो ते गाळण्याची नोकरी कालवाची नाही.

तुमच्या घरी कालवं येत असतील, तर कुठल्या खाडीतली, ते विचारा आणि आम्हालाही कळवा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!