टायटनचे सागर आणि अभ्यासकांचा संयम



शनीला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा पूर्ण करण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्या हिशेबाने या शाळेची साठ वर्षे म्हणजे शनीची जेमतेम दोन वर्षे होत. शनीचा सर्वांत मोठा चंद्र टायटन. तेथील एकेक ऋतू सात वर्षांहून अधिक काळ टिकतो. म्हणून त्याच्या अभ्यासाला एका माणसाचे आयुष्य अपुरे पडते.

ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५५ मध्ये टायटनचा शोध लावला. उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास तेथे मिथेन व इथेन द्रवरूपात राहतात आणि त्यांचे सागर उत्तर ध्रुवाजवळ पसरलेले आहेत. दाट धुरकट वातावरणामुळे हे पृष्ठ साध्या प्रकाशात दिसत नाही. म्हणून २००४ मध्ये शनीजवळ पोहोचलेल्या कॅसिनी यानाने रडारचा आधार घेतला.

तिरप्या सोडलेल्या रडारलहरी गुळगुळीत पृष्ठावरून पलीकडे निघून जातात आणि चित्रात तो भाग काळा उमटतो. परंतु सपाट कोरडी जमीनही काळीच दिसू शकते. त्यामुळे अभ्यासकांनी आणखी पुरावे शोधले. २००९ मध्ये उत्तरेकडील एका सरोवरावरून परावर्तित झालेली सूर्याची चकाकी टिपली गेली. २०१३ मध्ये लिजिया सागरावर लहरी सरळ खाली सोडल्या, तेव्हा दोन प्रतिध्वनी परतले: एक पृष्ठावरून, दुसरा तळावरून. त्यांच्यातील वेळेच्या अंतरावरून सुमारे १६० मीटर खोली निघाली. पृष्ठाचे चढउतार अवघे मिलिमीटरभर असल्याचेही आढळले.

त्याच वर्षी या शांत सागरात एक तेजस्वी ठिपका दिसला आणि काही दिवसांत नाहीसा झाला. लाटा, बुडबुडे, तरंगते घन पदार्थ अशा शक्यता मांडल्या गेल्या. अंतिम निर्णय मात्र कोणी घाईने दिला नाही.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी कॅसिनीचा प्रवास संपला. तेरा वर्षांत त्याने शनीचे अर्धे वर्षही पाहिले नाही. २०२५ मध्ये टायटनच्या उत्तर गोलार्धात शरद ऋतू सुरू झाला असून ते सागर आता ध्रुवीय रात्रीकडे चालले आहेत. २०३९ च्या सुमारास तेथे पुन्हा वसंत येईल, तेव्हा आज पहिलीच्या वर्गात अक्षरे गिरवणारी मुले महाविद्यालयात असतील. त्या ठिपक्याचे उत्तर शोधण्याचे काम त्यांच्या पिढीकडे येणार आहे.