वही, किल्ली आणि कुलूप : छोट्या व्यावसायिकांसाठी संगणकाच्या कामाच्या गोष्टी

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमांच्या मालिकेत यंदा जानेवारी महिन्यात गच्चीवरील हॉलमध्ये झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून तो वक्त्यांच्या बोलण्याच्या ढंगातच छापत आहोत. - स्मरणिका समिती)



आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांनी मला कधी ना कधी लिफ्टमध्ये गाठून विचारलं आहे, "अहो, आमचा लॅपटॉप फार हळू चालतो, जरा बघता का?" त्यामुळे समितीने बोलायला सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, सगळ्यांना एकदमच सांगून टाकू.

आपल्या चार विंगांत मिळून किती धंदे चालतात, याचा कधी हिशेब केलात? एक पोळी-भाजी केंद्र, दोन क्लासेस, ब्लाउज शिवणाऱ्या ताई, इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान, टूर्सवाले, विमा एजंट, आणि दिवाळीला फराळ करणारी आमची ही. यातल्या कोणाकडेही संगणक सांभाळायला वेगळा माणूस नाही. दिवसभर गिऱ्हाईक बघायचं आणि रात्री जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर हिशेब करायचा. आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करतो. गेली वीस वर्षं मी लहान दुकानदारांचे संगणक बघतो. प्रत्येकाला सांगत असतो, बॅकअप घ्या, बॅकअप घ्या. आणि २०१८ च्या दिवाळीत, वसुबारसेला सहा दिवस असताना, आमच्याच घरातला संगणक बसला. हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. हिच्या फराळाच्या सगळ्या ऑर्डरी त्यात एका एक्सेलच्या फाइलमध्ये. कोणाला किती चकल्या, कोणाचे आगाऊ पैसे आले, कोणाचं पार्सल परदेशी जायचं, सगळं त्यात. आणि बॅकअप? नव्हता. दुसऱ्यांच्या दुकानात जाऊन उपदेश करणाऱ्याच्या घरात दिव्याखाली अंधार.

डेटा काढून देणाऱ्याने आठ-दहा दिवस लागतील म्हणून सांगितलं. तोवर दिवाळी होऊन जाणार. मग आम्ही दोघं रात्रभर बसलो. तिचा फोन, माझा फोन, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप, बँकेचे मेसेज सगळे चाळले. दारात येऊन तोंडी सांगून गेलेल्यांच्या ऑर्डरी माझ्या आईने कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिल्या होत्या, त्या सापडल्या. एकशे बत्तीस ऑर्डरींपैकी एकशे तेवीस जुळल्या. राहिल्या नऊ. त्यातल्या आठ जणांनी फोन करून विचारलं, त्यांचं निभावलं.

नववी ऑर्डर आपल्याच सोसायटीतल्या एका आजींची होती. नातवाला पाठवायचा फराळ होता, पैसे आधीच दिलेले. आठवण करून द्यायला त्यांना संकोच वाटला, आणि आम्हाला आठवलं नाही. भाऊबीजेच्या दिवशी जिन्यात त्यांनी हिला हळूच विचारलं, "काय गं, या वर्षी जमलं नाही का फराळाचं?" आम्ही माफी मागितली, पैसे परत केले. त्या म्हणाल्या, "असू दे, पुढच्या वर्षी पाठवू." पुढच्या दिवाळीला आजी नव्हत्या.

म्हणून बॅकअप हा विषय निघाला की मी थोडा हट्टी होतो, तेवढं समजून घ्या.

पहिली गोष्ट : वहीच्या तीन प्रती

नियम सोपा आहे. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती हव्यात, त्या निदान दोन वेगळ्या साधनांवर हव्यात, आणि एक प्रत घराबाहेर किंवा दुकानाबाहेर हवी. एक प्रत संगणकात असतेच. दुसरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर. तिसरी गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी, किंवा दुसरी एखादी डिस्क बहिणीच्या घरी ठेवा.

घराबाहेर का? २६ जुलै २००५ आठवतो ना? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आपल्या भागातल्या तळमजल्यावरच्या दुकानांत पाणी शिरलं. ज्यांनी बॅकअपच्या सीड्या संगणकाखालच्याच ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या, त्यांचं दोन्ही एकदम भिजलं.

यात तीन चुका मी नेहमी बघतो. एक, बॅकअपची डिस्क कायम संगणकाला जोडून ठेवतात. खंडणी मागणारा व्हायरस आला की तो जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप लावतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या अशा व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला होता. तेव्हा काम झालं की डिस्क काढा आणि कपाटात ठेवा.

दुसरी चूक, ड्राइव्हवर फाइल आपोआप जाते म्हणजे बॅकअप झाला असं समजतात. तसं नाही. संगणकावरून चुकून फाइल पुसली गेली, तर ती तिकडूनही जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवस राहते, मग कायमची जाते. शिवाय फुकट मिळणारी १५ जीबी जागा ही मेल, फोटो आणि फाइली या सगळ्यांना मिळून असते. फोनमधल्या लग्नाच्या फोटोंनी ती भरली की दुकानाची फाइल जाणं बंद होतं, आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

तिसरी चूक सगळ्यात मोठी. बॅकअप घेतात, पण तो उघडून कधीच बघत नाहीत. टॅली वापरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोर करून बघावा. लक्षात ठेवा, वेगळ्या फोल्डरमध्ये. नाहीतर चालू डेटावरच जुना डेटा बसेल. मागच्या महिन्याची शिल्लक जुळली म्हणजे तुमचा बॅकअप खरा.

आणि हे काम टाळून चालणार नाही. जीएसटीत नोंदणी असलेल्याला हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. "साहेब, हार्ड डिस्क गेली" हे उत्तर तिथे चालत नाही.

दुसरी गोष्ट : किल्ली तुमच्याकडे हवी

आपण दुकानाच्या शटरची किल्ली नोकराकडे देऊन गावाला जातो का? मग दुकानाचा जीमेल कोणाच्या मोबाइलवर उघडलेला आहे? एका दुकानदाराकडे मी गेलो होतो. नोकरी सोडून गेलेल्या मुलाने त्यांचा ईमेल स्वतःच्या नंबरवर काढलेला. पासवर्ड विसरले, ओटीपी त्या मुलाच्या फोनवर, आणि मुलगा फोन उचलेना. सहा वर्षांचा पत्रव्यवहार आत अडकला.

आज घरी गेल्यावर एवढंच तपासा. जीएसटीच्या पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल कोणाचा नोंदवला आहे? बऱ्याच जणांचा कर सल्लागाराचा निघेल. तो माणूस चांगलाच असेल हो. पण नोटीस आधी त्याला कळणार आणि तुम्हाला त्याला वेळ मिळेल तेव्हा. नंबर तुमचाच असू द्या, त्याला काय लागेल ते तुम्ही द्या.

पासवर्ड लांब ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. मुलाचं नाव आणि जन्मसाल हा पासवर्ड नव्हे, ती बारशाची पत्रिका झाली. लक्षात राहत नसतील तर वहीत लिहा आणि वही कपाटात ठेवा. लोक मला हसतात, पण संगणकाला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीपेक्षा कपाटातली वही कितीतरी बरी. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावाच. आणि घरातल्या एका तरी माणसाला ती वही कुठे आहे हे माहीत असू द्या. वेळ कोणावर सांगून येत नाही.

तिसरी गोष्ट : जुनं कुलूप बदला

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने देण्याची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. संगणक चालतो, बंद पडत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण त्यात यापुढे जी भोकं सापडतील, ती आपोआप बुजणार नाहीत. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते. काही संगणकांत ती असते, पण बंद करून ठेवलेली असते. तेव्हा नवा संगणक घ्यायला धावण्याआधी जाणत्याकडून तपासून घ्या.

लिफ्टमधल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देतो. संगणक हळू चालतो, पण बाकी ठीक आहे, तर आधी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा आणि रॅम वाढवा. पुष्कळदा तेवढ्यावर आणखी काही वर्षं निघतात.

चोरीचं सॉफ्टवेअर मात्र नको. "क्रॅक" टाकून देणारा मुलगा काय काय आत टाकून जातो ते आपल्याला दिसत नाही. पत्रं, दरपत्रकं, साधे हिशेब यांच्यासाठी लिबरऑफिस फुकट आहे आणि कायदेशीर आहे. पैसे खर्च करायचे असतील तर आधी यूपीएस घ्या. बिल करता करता वीज गेली की फाइल बिघडते. यूपीएसने काम जतन करून संगणक नीट बंद करायला दहा मिनिटं मिळतात.

आणखी एक. संगणक आणला म्हणजे हिशेब सुधारतो असं नाही. ज्याची उधारीची वही रोजच्या रोज लिहिली जात नाही, त्याचा टॅलीतला रोजमेळही अर्धवटच राहतो. आधी सवय लावा, मग सॉफ्टवेअर घ्या.

चौथी गोष्ट : पैसे घेताना पिन लागत नाही

हे वाक्य पाठ करा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच नाही. "पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. खानावळ, टिफिन, फराळ करणाऱ्यांना लष्करातून बोलतोय म्हणून मोठी ऑर्डर देणारे फोन येतात. बोलणं आदबीचं, ओळखपत्राचा फोटोसुद्धा पाठवतात, आणि आगाऊ रकमेच्या नावाखाली आपलंच खातं रिकामं करतात. हिलाही असा फोन आला होता. ती म्हणाली, "माणूस पाठवा, रोख द्या, डबे न्या." फोन परत आला नाही.

गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पावती नव्हे. आपल्या खात्यात पैसे दिसले की मगच माल द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका किंवा वाहतुकीचं चलान म्हणून एपीके फाइल आली तर उघडू नका. बँकेतून बोलतोय सांगून स्क्रीन दाखवायचं अ‍ॅप टाकायला लावणाऱ्याला तर उभंच करू नका.

आणि फसलातच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी तक्रार गेली तर ते अडवता येण्याची शक्यता असते. रात्रभर विचार करून सकाळी सांगणाऱ्याचं नुकसान जास्त होतं.

आता थोडं आपल्या घरचं

सोसायटी हाही एक छोटा कारभारच आहे. बिलं, पावत्या, बँक, ऑडिट. आपली आय नमुन्यातली सभासद नोंदवही कागदावर आहे, ती चांगलीच गोष्ट आहे. पण बाकीचा हिशेब आणि इतिवृत्तं सचिवांच्या स्वतःच्या लॅपटॉपवर आहेत. पंचवीस वर्षांत सचिव बदलत गेले आणि प्रत्येक बदलात काहीतरी हरवलं. या स्मरणिकेसाठी समितीने सुरुवातीच्या वर्षांची इतिवृत्तं उघडली, तर पडद्यावर नुसती अगम्य अक्षरं. ती युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. तो फॉन्ट मिळवून वाचता आली, पण दोन रविवार गेले. यापुढे मराठी युनिकोडमध्येच टाइप करू या. विंडोजमध्ये तो कीबोर्ड असतोच.

समितीला माझी नम्र सूचना अशी : सोसायटीच्या नावाचा स्वतंत्र ईमेल असावा, पासवर्ड बंद लिफाफ्यात तिजोरीत असावा, आणि दर महिन्याचा बॅकअप अध्यक्षांकडेही असावा. खर्च एका हार्ड डिस्कचा. ती डिस्क मी रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून आज देतो आहे.

तुम्हाला मात्र या रविवारसाठी तीनच कामं. एक, महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि उघडून बघा. दोन, ईमेल आणि जीएसटीवर नंबर कोणाचा आहे ते पाहा. तीन, १९३० हा नंबर फोनमध्ये साठवा. दोन तास लागतील. अडलं तर माझं दार वाजवा. लिफ्टमध्ये विचारलंत तरी चालेल.

आमच्याकडे आता फराळाच्या ऑर्डरी तीन ठिकाणी असतात. चौथी प्रत आई कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिते. मी तिला थांबवत नाही.