हिरव्या आकड्याने मला कसं फसवलं

आजचा विषय हवा. थांबा, लगेच स्किप करू नका, दिल्लीबद्दल बोलणार नाहीये.

आम्ही मुलुंडला राहतो. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणापासून दमा आहे. गेल्या डिसेंबरमध्ये तिला माझ्यासोबत पळायला यायचं होतं, आई नको म्हणत होती. मी मोबाइलवर एक्यूआय बघितला: ९६. फिकट हिरवा रंग, शेजारी लिहिलेलं 'समाधानकारक'. म्हटलं, चल गं, हवा मस्त आहे. सकाळी साडेसहाला हायवेच्या सर्व्हिस रोडवर निघालो. दोन किलोमीटर झाले नसतील, तिला धाप लागली, श्वास पुरेना. पंप घरी राहिलेला. रिक्षा मिळेपर्यंतची ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. आता ती ठीक आहे. पण तो आकडा नक्की काय सांगत होता, हे मी त्यानंतर शोधायला बसलो.

तर एक्यूआयमध्ये आपल्याकडे आठ प्रदूषकं धरतात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचा वेगळा आकडा निघतो आणि त्यातला सगळ्यात वाईट तोच आपल्याला दाखवतात.

थंडीत आपल्याकडे तो बहुतेक वेळा धूलिकणांचाच असतो. त्यातला पीएम २.५ खरा डेंजर. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा किंवा त्याहून बारीक. मोठी धूळ नाका-घशात बरीचशी अडकते, हा मात्र थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतो, काही कण तर रक्तातही उतरतात. दमा उसळतोच, पण हार्ट अटॅक, पक्षाघात, फुप्फुसाचा कॅन्सर यांच्याशीही त्याचं नातं आहे. येतो कुठून? डिझेलच्या धुरातून, कोळशातून, जाळलेल्या कचऱ्यातून, वॉचमनकाकांच्या शेकोटीतून. आणि हो, आपल्या वडापावातल्या पावातूनही! म्हणजे लाकडाच्या भट्टीतून. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं होतं.

आता गंमत ऐका. गंमत कसली म्हणा. आपल्या देशात पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा आहे ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. एक्यूआय १०० म्हणजे बरोब्बर तेवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच पातळी १५ ठरवली. पीएम २.५ मुळे ९६ आला असेल तर हवेत साधारण ५८ मायक्रोग्रॅम. जवळपास चौपट, आणि रंग हिरवा!

दुसरी गोष्ट, हा आकडा २४ तासांच्या सरासरीचा. दुपारी समुद्रावरून वारा येतो, धूर पांगतो, ती बरी हवाही त्यात मोजलेली. थंडीच्या पहाटे मात्र जमिनीलगतची हवा गार, वर उबदार थर, वारा पडलेला. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं सगळं खालीच कोंडतं. त्यात आम्ही हायवेला खेटून, तोंडाने श्वास घेत पळतोय. तिथला नायट्रोजन डायऑक्साइड दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या आणखी चिडवतो. मोजणारं स्टेशन त्या रस्त्यावर नव्हतंच. उन्हाळ्यात परत उलटं. कडक उन्हात गाड्यांच्या धुरातून ओझोन तयार होतो, त्यामुळे तेव्हा दुपार टाळायची.

आता आम्ही ॲपमध्ये स्टेशन उघडून पीएम २.५ च्या सरासरीसोबत कमाल आकडाही बघतो. पळायला संध्याकाळी जातो, हायवे सोडून आतल्या बागेत. पंप माझ्या खिशात असतो. कालच तिचा मेसेज होता, "दादा, कमाल १८० दाखवतंय. मी घरातच दोरीउड्या मारते, तू पण ये."

चला, भेटू पुढच्या भागात.